अर्ध्यावर राहिलेली क्रूसाची वाट

आमच्या घरात उपासकाळ जवळ आला, हे सगळ्यात आधी फ्रीजरला कळतं. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी आतलं मटण, सॉसेजेस, उरलंसुरलं सगळं बाहेर निघतं आणि संपवायच्या नावाखाली आम्ही असे काही जेवतो, की पुढे ईस्टरपर्यंत चाळीस दिवस उपास करण्यावाचून इलाजच उरत नाही. दुसऱ्या दिवशी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन नवरा ऑफिसला निघतो. लिफ्टमध्ये कुणीतरी हमखास सांगतं, "अंकल, कपाळाला काहीतरी लागलंय." तो दरवर्षी खिशातून रुमाल काढतो, आठवण झाली की हसतो आणि रुमाल परत ठेवून देतो.

यंदाही तसंच झालं. मार्च लागला की बोरिवलीच्या आमच्या भागात दोन ऋतू एकदम येतात, एक परीक्षांचा आणि एक उपासाचा. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे दोन्ही माझ्याच डोक्यावर. सोनमोहराची पिवळी फुलं उभ्या स्कूटरांच्या सीटवर पडून राहतात. गच्चीवर एका कडेला कुरडया वाळत असतात आणि दुसऱ्या कडेला हातात पुस्तक धरून पोरं येरझारा घालत असतात. दुपारी खाडीकडून वारा येतो, त्यात चिखलाचा वास असतो आणि उकाडा मात्र तसूभर कमी होत नाही. चर्चमध्ये गेलं तर वेदीवर फूल नाही, गाण्यात वाद्य नाही, मूर्तींवर जांभळी कापडं पडायची तयारी चाललेली. मला हा ऋतू आवडतो. सणात देव पाहुण्यांच्या गराड्यात असतो, उपासकाळात त्याच्याशी दोन शब्द बोलायला मिळतात.

आता उपास म्हणजे काय, तर मटण बंद. मासे चालतात. ही सवलत कुणी काढली कुणास ठाऊक, पण काढणारा आमच्यासारखाच वसईकडचा असणार. चाळीस दिवस आमच्याकडे सुरमई, बोंबील, कोलंबी यांची रेलचेल असते आणि आम्ही गंभीर चेहऱ्याने सांगतो, की आमचा उपास चालू आहे. परबकाकींशी घरोबा झाल्यावर एकदा त्यांनी हे ऐकलं, तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून हसल्या होत्या. "तुमचो उपास म्हणजे आमचो सण गो!"

परबकाकी म्हणजे मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सुलभा परब. मूळच्या मालवणकडच्या. परबकाका गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर इकडे आले, मिळेल ते काम केलं आणि त्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत घर घेतलं. आम्ही त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर राहायचो आणि तरी आम्हांला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. ओळख झाली ती एका उपासकाळात. त्याला आता काही वर्षं झाली, पण सोनमोहर फुलला की मला तोच उपासकाळ आठवतो.

क्रूसाची वाट ही आमची एक जुनी भक्ती आहे. येशूला शिक्षा सुनावली तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंतचे चौदा टप्पे, त्यांना आम्ही स्थानं म्हणतो. प्रत्येक स्थानापाशी थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायची, गाणं म्हणत पुढे जायचं. चर्चच्या भिंतींवर ही चौदा चित्रं लावलेली असतातच, पण चर्चच्या आमच्या भागातल्या विभागातले लोक उपासकाळात दर शुक्रवारी संध्याकाळी ही वाट वस्तीतून चालतात. कुणाच्या गेटपाशी एक स्थान, कुणाच्या दुकानासमोर दुसरं. पुढे एक मोठा लाकडी क्रूस. तो खांदे बदलत वाहायचा आणि शेवटच्या स्थानापर्यंत जमिनीला टेकवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. कुणी घालून दिली माहीत नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती, कारण तिचा राखणदार हिलरी होता.

हिलरी आमच्या विभागाचा प्रमुख. बँकेत ऑफिसर, पन्नाशीचा, अंगाने आडवा आणि नियमाने उभा. घड्याळात आणि हिलरीत फरक पडला, तर आम्ही घड्याळ दुरुस्तीला टाकतो. रांग दोनाचीच हवी, पुस्तक उजव्या हातातच हवं, मधे कुणी मोबाइल काढला तर हिलरी गाणं न थांबवता त्याच्याकडे असं बघायचा, की त्या माणसाला पापनिवेदनाला बसल्यासारखं वाटावं.

त्या वर्षी झालं असं, की आदल्या शुक्रवारी मागच्या गल्लीतून तक्रार आली. कुणीतरी वॉचमनकडे निरोप ठेवला होता, मुलांच्या बोर्डाच्या परीक्षा आहेत, जरा तुमच्या प्रार्थनेच्या भोंग्याचं बघा. रास्तच होतं. माझ्याच वर्गातली दोन मुलं त्या गल्लीत राहायची. मीटिंग बसली. भोंगा बंद करावा, एवढ्यावर विषय मिटायला हरकत नव्हती. पण आम्हा लोकांना चांगलं वागायचं म्हटलं की थांबावं कुठे ते कळत नाही. हिलरीने ठरवलं, त्या गल्लीत गाणंही नाही. कुणी वर खिडक्यांकडे बघायचं नाही, उगाच कुणाला वाटायला नको की आपण आव्हान देतोय. माना खाली घालून, पटापट, गल्ली ओलांडायची.

"आणि कुणी काही बोललंच तर?" आमच्यातल्या आग्नेसने विचारलं.

"तर हात जोडायचे, सॉरी म्हणायचं आणि चालायला लागायचं," हिलरी म्हणाला. "वाद नकोय आपल्याला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही थोडे आहोत आणि थोडे असण्याची एक सवय लागते. शेजाऱ्याला आपला त्रास होऊ नये म्हणून आम्ही फार जपतो. कधी कधी इतके जपतो, की शेजारी दिसेनासाच होतो.

तर त्या शुक्रवारी आम्ही गल्लीत शिरलो. संध्याकाळचं ऊन अजून भिंतींवर होतं. पुढे खांद्यावर क्रूस घेऊन हिलरी, मागे आम्ही दोनाच्या रांगेत, ओठ मिटून. चपलांचा तेवढा आवाज. मधेच वरून एका बाईचा आवाज आला. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक म्हातारी बाई उभी होती, दोन्ही हात हलवत होती आणि काहीतरी ओरडत होती. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता, शब्द काही कळत नव्हते. पण कळायची गरजच काय होती? आमचं उत्तर तयार होतं. पुढच्या रांगेने वर न बघता हात जोडले. मागच्या रांगेने जोडले. कुणीतरी "सॉरी हां, सॉरी" म्हणालं. आणि आम्ही पावलं उचलली. ती जितकी ओरडायला लागली तितके आम्ही भराभर चालायला लागलो. माझ्या मते जगाच्या पाठीवर फक्त आमच्याच विभागाला हे जमू शकतं. एक बाई मदतीला हाका मारते आहे आणि पन्नास माणसं तिला अत्यंत नम्रपणे नमस्कार करून पळून जात आहेत.

वाचवलं ते फिलूमावशीच्या गुडघ्यांनी. फिलोमिना हे तिचं पूर्ण नाव, पण आम्हां सगळ्यांची ती फिलूमावशीच. तिचे दोन्ही गुडघे दुखायचे, त्यामुळे ती कायम रांगेच्या शेवटी आणि रांगेच्या बरीच मागे असायची. आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा ती त्या इमारतीच्या गेटपाशीच होती. तिने मान वर केली. नियम बियम तिच्या लक्षात राहत नसत.

"काय झालं गं बाई?" तिने खालून ओरडून विचारलं.

मिक्सर तेवढ्यात बंद झाला असावा. वरून उत्तर आलं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "अहो, माणूस पडलाय माझा! मला उचलवत नाही! कुणीतरी वर या हो!"

फिलूमावशीने आमच्याकडे तोंड केलं आणि अशी हाक मारली, की भोंगा लाजला असता. "अरे ए, कुठे चाललात सगळे? इकडे या!"

रांग मोडली. सिरिल, डॉमनिक आणि तरुण मुलं धावत जिन्याकडे गेली. हिलरी मात्र गल्लीच्या मधोमध उभा राहिला. खांद्यावर क्रूस. तो त्याला जमिनीवर ठेवता येईना, आणि घेऊन जिना चढता येईना. दुसरा खांदा शोधावा तर सगळे खांदे वर गेलेले. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, एखाद्या परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यावर हुशार मुलाचा होतो तसा.

फिलूमावशी लंगडत त्याच्यापाशी आली. "ठेव तो."

"मावशी, शेवटचं स्थान झालं नाही अजून."

"तो काय पळून जातोय? ठेव म्हणते ना! तुझ्याएवढा दांडगा माणूस वर लागणार आहे."

हिलरीने क्रूस वॉचमनच्या केबिनला टेकवला. आधी खाली रुमाल अंथरला, मग टेकवला. वॉचमन म्हणाला, "आप जाइए साहब, मैं देखता हूँ," आणि क्रूस घसरू नये म्हणून त्याने आपली प्लॅस्टिकची खुर्ची त्याला आडवी लावून दिली. हिलरी जिन्याकडे धावला.

वर काय झालं होतं ते मी मागाहून जाऊन पाहिलं. दिवाळीच्या सुमारास परबकाकांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटक. त्यांचं सगळं करायला एक बाई यायची, ती होळीला गावी गेली ती परतलीच नव्हती. काकींनी एकटीने त्यांना उठवून बसवायला घेतलं आणि ते घसरून पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत अडकले. कुठेतरी हाड मोडलं असणार, कारण हात लावला की ते कळवळत होते. शेजारच्या दाराला कुलूप होतं. खालचे टीव्ही लावून बसलेले. मुलगी लग्न होऊन नागपूरला. काकी गॅलरीत आल्या तर खाली आम्ही, एवढी माणसं, एका रांगेत. "मला वाटलं, देवानेच पाठवली," त्या नंतर मला म्हणाल्या, "आणि मग तुम्ही नमस्कार करून चालायला लागलात. मी म्हटलं, हे कसले देवाचे!"

जिना अरुंद आणि वळणावळणाचा, स्ट्रेचर वळलंच नसतं. काकांना जेवणाच्या खुर्चीत चादरीने बांधून खाली आणलं. हिलरी पुढून, उलटा उतरत, म्हणजे सगळा भार त्याच्या छातीवर. प्रत्येक वळणावर काका डाव्या हाताने त्याचा शर्ट गच्च धरायचे आणि म्हणायचे, "सावकास... सावकास." हिलरी घामाने निथळत होता. "सावकाशच चाललोय काका. घाई नाही कसलीच," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. हिलरीच्या तोंडून घाई नाही हे शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकले.

रिक्षात मावणार नव्हते, म्हणून डॉमनिकची टेम्पो व्हॅन आणली. काका हॉस्पिटलात गेले, काकी गेल्या, हिलरी आणि सिरिल गेले. आम्ही उरलेले पुस्तकं हातात धरून गल्लीत उभे. वाट पुरी झालेली नव्हती. पुढे काय करायचं ते सांगणारा माणूसच निघून गेला होता. शेवटी फिलूमावशी म्हणाली, "घरी जा आता. पोरांना खायला घाला."

आता आमच्याकडे ही गोष्ट सांगताना लोक तिला थोडी सजवतात. म्हणतात, आम्ही नेमके पाचव्या स्थानाशी होतो, जिथे कुरेनेकर शिमोन नावाच्या वाटसरूला शिपाई धरून आणतात आणि येशूचा क्रूस वाहायला लावतात. ऐकायला छान वाटतं. पण मी तिथे होते. शिमोनाचं स्थान आम्ही केव्हाच मागे टाकलं होतं. तिथली प्रार्थना खणखणीत आवाजात म्हटली होती, दुसऱ्याचं ओझं उचलायला आम्हांला शिकव, असं एकमुखाने मागितलं होतं आणि गुडघे झटकून पुढे आलो होतो. मला खरी गोष्टच जास्त आवडते. आमची प्रार्थना इतकी लगेच ऐकली जाईल अशी आमच्यापैकी कुणाचीच अपेक्षा नव्हती.

रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चबाहेर वाद पेटला. काही म्हणाले, वाट अर्धवट सोडणं अशुभ. काही म्हणाले, चार जण वर गेले असते, बाकीच्यांनी पुरी करायला काय हरकत होती. शेवटी हिलरी फादरांकडे गेला. फादर तरुण होते, वसईचेच, बोलण्यात तिरकस.

"फादर, राहिलेली स्थानं कधी करायची?"

"त्या इमारतीला लिफ्ट नाही म्हणालास ना?"

"नाही."

"मग ते काका घरी आले की रोज तीन मजले चढ. होतील हळूहळू."

आम्ही हसलो. हिलरी हसला नाही. त्याने ते मनावर घेतलं.

मला वाटतं, मिस्सेत शेवटी फादर काय म्हणतात त्याकडे आमचं कधी लक्षच नसतं. उठा, जा, असंच काहीसं ते म्हणतात. तासभर देवापाशी बसवून घेतल्यावर शेवटी आम्हांला बाहेर घालवून दिलं जातं. आम्ही जातोही, पण कुठे, तर गाडी काढायला, कोंबडी आणायला, फार तर एकमेकांच्या घरी. जग म्हणजे आमच्यासाठी चर्च आणि घर यांच्यामधला रस्ता, जमेल तितका लवकर ओलांडायचा. आणि येशूचं जवळजवळ सगळं काम त्या रस्त्यावरच झालेलं आहे. देवळात तो फार कमी वेळ होता आणि होता तेव्हा बऱ्याचदा भांडणच झालं. तो कुणाच्या घरी जेवायला थांबायचा, कुणी झाडावर चढून बसलेला त्याला दिसायचा, गर्दीत कुणी पदराला हात लावला तरी तो थांबून विचारायचा, कोण ते. त्याला कुठेतरी पोचायचं असायचं आणि तरीही तो थांबायचा. हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. पण त्याचा अर्थ मला प्रवचनाने कळला नाही. आमच्या रांगेतली एक बाई वर बघते आणि विचारते, काय झालं गं बाई, तेव्हा तो कळला.

एकदा धावून जाणं तसं सोपं असतं. हाक ऐकू येते, अंगात बळ येतं, पुढे आठवडाभर सांगायला गोष्ट मिळते. अवघड असतो तो नंतरचा मंगळवार.

काका घरी आले, खुब्यात सळी घालून. डॉक्टरांनी सांगितलं, सारखी कूस बदलायला हवी, नाहीतर पाठीला जखमा होतील. काकींच्याने ते एकटीने होणार नव्हतं. नागपूरहून मुलगी आली होती, गुणी मुलगी, रडवेली. तिची नोकरी, तिची लहान मुलं. तिने तोडगा काढला, बाबांना बदलापूरकडच्या एका केंद्रात ठेवू, तिथे माणसं असतात, आणि आई माझ्याकडे येईल. शहाण्या माणसाने सुचवावं असंच ते होतं. फक्त काकांनी ते ऐकलं आणि डाव्या हाताने पलंगाची पट्टी धरली, ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही. काकी मुलीला म्हणाल्या, "जरा थांब. मे महिन्यात बघू." मुलगी परत गेली.

मग आमच्या पाळ्या सुरू झाल्या. सकाळ-संध्याकाळ दोन दोन पुरुष, उचलायला. दुपारी आम्ही बायका, कधी डबा घेऊन, कधी नुसतंच, काकींना तासभर झोपता यावं म्हणून. हिलरीने पाळ्या लावल्या आणि पहिली पाळी स्वतःला घेतली. नियमाचा माणूस एकदा सेवेला लागला की त्याच्यासारखा उपयोगी माणूस नाही. टॉवेल कुठला, उशी कुठे, आधी खांदा की आधी कंबर, सगळं त्याने बसवून दिलं. आणि काका त्याच्याशिवाय दुसऱ्याला हात लावू द्यायला कुरकुरायला लागले.

सगळंच गोड होतं असं नाही. काकांचा एक भाचा मुलुंडहून आला. त्याने भिंतीला टेकून आमची ये-जा बघितली आणि आम्हांला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "मामी, ही लोकं उगाच नाही येत हां. उद्या गळ्यात क्रॉस घालतील मामांच्या."

आग्नेसच्या हातातली डाळीची वाटी तशीच राहिली. असल्या बोलण्याला उत्तर दिलं तरी पंचाईत, नाही दिलं तरी पंचाईत.

काकींनी मात्र पोळी लाटता लाटताच विचारलं, "मग तू ये ना रोज. उगाच ये."

भाचा चहा न घेता गेला. देव्हाऱ्यातला गणपती तिथेच होता, त्याच्यापुढचं जास्वंद रोज बदललं जायचं. पुढे पुढे ते आग्नेस आणून द्यायला लागली, कारण तिच्या कुंडीत फार फुलं यायची. आम्हांला काकांच्या गळ्यात काही घालायचं नव्हतं. त्यांची पाठ कोरडी राहावी एवढंच हवं होतं. आणि मी ठामपणे सांगते, हेच आमचं धर्मकार्य होतं. यात कमी काही नव्हतं आणि यापलीकडे आम्हांला काही साधायचंही नव्हतं.

झावळ्यांचा रविवार आला. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह सुरू झाला. त्या सप्ताहात आम्ही रोज चर्चमध्ये असतो, तरी पाळ्या चुकल्या नाहीत. गुरुवारी फादर, येशूने शिष्यांचे धुतले तसे, बारा जणांचे पाय धुतात, त्यात हिलरीही बसला होता. आणि शनिवारी दुपारी, मी आणि हिलरी काकींच्या घरी असताना, काकींनी विचारलं. बरेच दिवस त्या ते मनात घोळवत असाव्यात, कारण बोलताना त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही.

"तुमचा उपास उद्या संपतो ना हो?"

"हो," मी म्हटलं. "उद्या ईस्टर."

"शेजारच्या शहाबाई सांगत होत्या, तुम्ही लोक हे पुण्याचं काम उपासाचे चाळीस दिवस करता. दारू सोडतात, मटण सोडतात, तसं." त्यांनी पदराने हात पुसले. "चांगलंच आहे ते. मी नावं ठेवत नाही. पण मला मुलीला कळवायला हवं. बदलापूरवाले सोमवारी फोन करणार आहेत. जागा ठेवू का म्हणून विचारतात."

आतल्या खोलीत काका जागे होते. पलंग करकरला.

मला पटकन बोलायचं होतं, नाही नाही, आम्ही येणारच. पण काकींना तोंडच्या शब्दांचं काय करायचं होतं? शब्द त्यांनी आमच्याकडून पुष्कळ ऐकले होते, गॅलरीत उभ्या असताना ऐकलेल्या सॉरीपासून. मी हिलरीकडे बघितलं. त्याने काकांची कूस बदलली, टॉवेल पिळून दोरीवर टाकला आणि जिना उतरून गेला. मला त्याचा राग आला. चांगलाच राग आला.

परबकाका आता नाहीत. त्यानंतरचा पावसाळा त्यांनी काढला, गणपती बघितले, दिवाळीच्या आधी गेले, आपल्या घरात, आपल्या पलंगावर. काकी अजून आहेत. नागपूरला जातात, महिनाभराने कंटाळून परत येतात. क्रूसाची वाट अजून त्या गल्लीतून जाते, भोंग्याशिवाय, पण गात गात, आणि आता सगळे वर बघत चालतात, इतके की परवा डॉमनिक खड्ड्यात पाय घालून बसला. फिलूमावशी आता चालत नाही, खुर्ची टाकून गेटपाशी बसते आणि रांगेवर ओरडते. मी हे लिहितेय तेव्हा बाहेर कुणाची तरी सायकलची घंटा वाजते आहे, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तसाच पडून आहे, आणि मला त्या ईस्टरच्या सकाळबद्दल सांगितल्याशिवाय गठ्ठ्याला हात लावायचा नाही.

ईस्टरची सकाळ म्हणजे आमच्याकडे धांदल. मिस्सा, नवे कपडे, घराघरांत मटण शिजतंय, पाहुणे, केक, पोरांची अंडी. मी मिस्सेहून परत येताना डब्यात केक घेतला आणि काकींकडे निघाले. एवढं तरी करावं, म्हटलं. जिना चढताना वरून बोलणं ऐकू आलं म्हणून मी मधल्या वळणावर थांबले.

दारात हिलरी उभा होता. नवा कोट, टाय, चकचकीत बूट. मिस्सेहून थेट आलेला. त्याच्या घरी त्या दिवशी तीस माणसं जेवायला होती हे मला ठाऊक होतं, कारण त्यांत आम्हीही होतो. तो कोट काढून बाह्या वर सारत होता. काकी दार अडवून उभ्या होत्या, हातात फडकं. त्यांना कुणी येईल अशी आशा नव्हती हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"अहो, आज तुमचा सण," त्या म्हणाल्या. "उपास संपला ना तुमचा?"

"संपला, काकी. काल संपला," हिलरी म्हणाला. "आज असाच आलोय. उद्या पण असाच येईन."

आतून काकांनी काहीतरी विचारलं, कोण आलंय असं काहीतरी. काकींनी डोळ्यांना पदर लावला, मग तो खसकन कमरेला खोचला आणि दारातून बाजूला झाल्या. इतके दिवस त्या आमच्याशी जपून, शहरातलं बोलायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा हिलरीशी घरच्यासारखं बोलल्या.

"मगे बूट भायर काढ," त्या म्हणाल्या. "आत्ताच लादी पुसलंय."